पडलेली मतंही वाया जात नाहीत

विधानसभेच्या निकालानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. आमच्या बचत गटाची महिन्याची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीत नोंदी झाल्या आणि चहा उकळेपर्यंत गप्पा साहजिकच निकालाकडे वळल्या. आमच्यातली एक मैत्रीण जरा खट्टूच होती. तिने ज्याला मत दिलं तो उमेदवार पडला होता. सकाळी लवकर उठून स्वयंपाक उरकला, सासूबाईंना हाताला धरून केंद्रावर नेलं, दोन तास रांगेत उभी राहिले आणि शेवटी मत गेलं पाण्यात, असं तिचं म्हणणं. पुढच्या वेळी जायचंच नाही, असंही तिने ठरवून टाकलं होतं. बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. मला तेव्हा पटकन काही उत्तर सुचलं नाही. पण रात्री ओटा आवरताना आजोबांच्या तोंडून लहानपणी ऐकलेली कराडची १९५७ सालची निवडणूक आठवली आणि तिच्याबरोबर यशवंतराव चव्हाणही आठवले.

मैत्रिणींनो, यशवंतराव आपल्याला माहीत असतात ते महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री म्हणून. चौकातला पुतळा, महाविद्यालयाचं नाव, बारा मार्चची जयंती. पण सोळा वर्षं हा माणूस आमदार होता. एका मतदारसंघाचा, गावोगावच्या पारावर ओळखला जाणारा आमदार. त्या मतदारसंघाने त्यांना डोक्यावर घेतलं आणि एकदा चांगलाच कानही धरला. आज मला सांगायची आहे ती त्या धरलेल्या कानाची गोष्ट. पण त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ चा, देवराष्ट्रे या आजोळच्या गावी. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे, तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. वडील बळवंतराव कोर्टात बेलिफ होते. पोरं लहान असतानाच ते प्लेगमध्ये गेले. आई विठाबाईंना अक्षरओळख नव्हती. पदरी मुलं, घरी शेती बेताची. पण मुलांनी शिकलं पाहिजे हे त्या माउलीने मनाशी पक्कं धरलं होतं. थोरल्या ज्ञानोबांना वडिलांच्या जागी नोकरी लागली आणि घर कराडला आलं. धाकटा यशवंत टिळक हायस्कूलमध्ये जाऊ लागला.

शाळेत असतानाच तो स्वातंत्र्याच्या चळवळीत ओढला गेला. १९३२ साली झेंडा फडकावल्याबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या वेळचा एक प्रसंग मला फार आवडतो. मुलगा कोठडीत असताना विठाबाई भेटायला गेल्या. बरोबर शाळेतले एक शिक्षक होते. मुलाने माफी मागितली तर सुटका होईल, असं शिक्षकांनी सुचवलं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पोराचं नुकसान होऊ नये एवढंच. पण विठाबाईंना ते रुचलं नाही. माफी कशाबद्दल मागायची, असं त्यांनी मास्तरांनाच विचारलं आणि मुलाला तब्येतीला जप एवढंच सांगून त्या घरी परतल्या. घरात दुपारची भाकरी कशी होणार याची चिंता असलेल्या बाईने हे म्हणावं, याला काय म्हणायचं? पुढे यशवंतरावांना मोठमोठे गुरू मिळाले, पण पहिला धडा हा असा आईकडूनच मिळाला.

तुरुंगातून आल्यावर त्यांनी शिक्षण पुढे नेलं. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजमधून बी. ए. आणि पुण्याहून वकिली. निवडणूक म्हणजे काय हे त्यांनी पहिल्यांदा जवळून पाहिलं ते विद्यार्थिदशेतच, १९३७ साली. त्या वर्षी प्रांतिक विधानसभांच्या निवडणुका झाल्या. सातारा जिल्ह्यात काँग्रेसकडून आत्माराम पाटील हे शेतकऱ्याघरचे तरुण उमेदवार होते. त्यांच्यासाठी यशवंतराव गावोगाव हिंडले. आत्माराम पाटील निवडून आले. कष्टकरी घरातला माणूसही कायदेमंडळात जाऊ शकतो, हे जिल्ह्याने पाहिलं.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या निवडणुकीत सगळ्यांना मत नव्हतं. जमीन, कर, शिक्षण अशा अटी होत्या. त्या अटींत बसणारे पुरुषच थोडे, मग बायका किती असणार? शेतात राबणाऱ्या, जात्यावर दळणाऱ्या हजारो बायकांचा त्या यादीत पत्ताच नव्हता. आपण आज रांगेला कंटाळतो, पण त्या रांगेत उभं राहायला मिळावं म्हणून आपल्या आज्या-पणज्यांना किती थांबावं लागलं, हे विसरून चालणार नाही.

२ जून १९४२ ला यशवंतरावांचं लग्न झालं. मुलगी फलटणच्या मोरे घराण्यातली, वेणूताई. अंगाची हळद निघते न निघते तोच ऑगस्टमध्ये चले जाव चळवळ पेटली आणि नवरा भूमिगत झाला. कुठे आहे, कसा आहे, काही कळायला मार्ग नाही. मग जानेवारी १९४३ ची संक्रांत आली. लग्नानंतरची पहिली संक्रांत म्हणजे आपल्याकडे केवढं कौतुक! काळी साडी, हलव्याचे दागिने, हळदीकुंकू. आणि नेमकं त्याच सणाला पोलिसांनी वेणूताईंना अटक केली. नवरा सापडत नाही म्हणून बायकोला धरलं. ही नवी नवरी तुरुंगात गेली. त्याच सुमारास थोरले दीर ज्ञानोबा वारले. तुरुंगातून सुटलेल्या वेणूताई आजारी पडल्या आणि माहेरी फलटणला आल्या. त्यांना भेटायला म्हणून यशवंतराव लपत-छपत फलटणला गेले आणि तिथेच पकडले गेले.

तुरुंगवास, दुखणी, घरातले मृत्यू. पुढे दुसरे भाऊ गणपतराव हेही क्षयाने गेले. स्वतःचं मूलबाळ नसलेल्या वेणूताईंनी दिरांच्या मुलांना आपलं मानलं. निवडून आलेल्या माणसाचं नाव सगळीकडे लागतं. त्याच्या पाठीमागे घर कोण धरून ठेवतं, हे मतपत्रिकेवर कुठे लिहिलेलं नसतं.

१९४६ साली यशवंतराव स्वतः उभे राहिले आणि सातारा जिल्ह्याच्या दक्षिण भागातून मुंबईच्या विधानसभेवर निवडून आले. वय अवघं तेहतीस. मुंबईत त्यांना गृहखात्याचे संसदीय चिटणीस केलं गेलं. पुढे उतारवयात त्यांनी कृष्णाकाठ हे आत्मचरित्र लिहिलं, ते बरोबर इथेच येऊन थांबतं. कराडचा माणूस आमदार होऊन मुंबईला निघतो आणि पुस्तक संपतं. पुढचे भाग लिहायचे राहूनच गेले.

देश स्वतंत्र झाला, राज्यघटना आली आणि १९५१-५२ मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. एकवीस वर्षांवरच्या प्रत्येकाला मत, बाईलाही आणि बुवालाही. तरी बायकांचा वनवास पुरता संपला नव्हता. उत्तरेकडच्या काही राज्यांत मतदारनोंदणीला आलेल्या माणसाला बायका आपलं नावच सांगेनात. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. अशा सुमारे अठ्ठावीस लाख बायकांची नावं यादीतून वगळावी लागली, कारण निवडणूक आयोगाने ठरवलं होतं की मतदाराला स्वतःचं नाव हवं. आपल्याकडेही तेव्हा किती जणी यजमानांच्या नावाआड होत्या, ते आपल्या आज्यांना विचारायला हवं होतं.

त्या निवडणुकीत यशवंतराव कराडमधून निवडून आले. मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळात त्यांना पुरवठा खातं मिळालं. रेशन, धान्य, साखर, कापड. म्हणजे थेट आपल्या स्वयंपाकघराशी संबंध असलेलं खातं. काम चोख करणारा, डोकं थंड ठेवणारा तरुण मंत्री अशी त्यांची ओळख झाली.

आणि मग उभा राहिला संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न.

मराठी बोलणाऱ्यांचं मुंबईसह एक राज्य व्हावं, ही घराघरातली इच्छा होती. यशवंतरावांचीही ती होती. पण ते मिळवायचं कसं, इथे वाट वेगळी झाली. काँग्रेसमध्ये राहून, दिल्लीला समजावून ते मिळवावं, असं त्यांचं मत. १९५५ च्या अखेरीस फलटणच्या सभेत त्यांनी जाहीर सांगून टाकलं की संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करायची वेळ आली तर आपण नेहरूंच्या बाजूने उभे राहू. फलटण म्हणजे त्यांची सासुरवाडी. पण हे शब्द फलटणपुरते राहिले नाहीत, साऱ्या महाराष्ट्राच्या जिव्हारी लागले. त्यांना सूर्याजी पिसाळ म्हटलं गेलं. मराठी मुलखात याहून कडू शिवी नाही. पुढे मुंबईत गोळीबार झाले. या आंदोलनात १०६ हुतात्मे झाले. घराघरात संताप होता.

१ नोव्हेंबर १९५६ ला गुजरात आणि महाराष्ट्र एकत्र असलेलं मोठं द्वैभाषिक मुंबई राज्य झालं आणि यशवंतराव त्याचे मुख्यमंत्री झाले. वय त्रेचाळीस. खुर्ची मोठी, पण ज्या राज्याला आपली माणसंच नको म्हणतात त्या राज्याची. चार-पाच महिन्यांतच १९५७ ची निवडणूक आली.

आता कराडकडे या. राज्याचा मुख्यमंत्री उमेदवार आहे. दुसऱ्या कुठल्या वेळी ही निवडणूक म्हणजे नुसता उपचार ठरली असती. आपला मुलगा, कृष्णाकाठी वाढलेला, जेल भोगलेला, आज सगळ्या राज्याचा धनी. पण संयुक्त महाराष्ट्र समितीच्या पाठिंब्याने शेतकरी कामगार पक्षाचे केशवराव पवार समोर उभे होते आणि वारं त्यांच्या बाजूने होतं. आजोबा सांगायचे, एकाच घरात बाप एकीकडे आणि पोरगा दुसरीकडे, जेवताना ताटावर भांडणं. यशवंताला मत द्यावं तर महाराष्ट्राचं काय, आणि महाराष्ट्राला द्यावं तर यशवंताचं काय, असा पेच.

त्या वेळी मतदानाची तऱ्हाही निराळी होती. आजच्यासारखं यंत्र नव्हतं. कागदावर शिक्काही मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचं चिन्ह. काँग्रेसची बैलजोडी. बोटाला शाई लावून घ्यायची, चिठ्ठी घ्यायची, पडद्याआड जायचं आणि मनातल्या पेटीत टाकायची. जी बाई उभ्या आयुष्यात नवऱ्यासमोर मोठ्याने बोलली नसेल, ती त्या पडद्याआड मात्र स्वतंत्र होती. तिथे तिच्या हाताला कोणी धरत नव्हतं.

निकाल लागला. यशवंतराव जिंकले, पण कसे? दोन हजारांहूनही कमी मतांनी! मुख्यमंत्री स्वतःच्या घरच्या मैदानात काठावर पास झाला. आणि त्याच निवडणुकीत त्याच सातारा जिल्ह्याने लोकसभेवर कोणाला पाठवलं? समितीच्या बाजूने उभे असलेले, पत्री सरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचे मोठमोठे मोहरे कोसळले. विदर्भ, मराठवाडा आणि गुजरातच्या बळावर सरकार पुन्हा आलं आणि मुख्यमंत्रीही तेच राहिले.

माझ्या मैत्रिणीच्या हिशेबाने पाहिलं तर कराडमध्ये केशवराव पवारांना पडलेली ती सगळी मतं पाण्यात गेली. उमेदवार पडला, विषय संपला. पण तसं झालं का?

मला वाटतं, खरी कसोटी निकालानंतर सुरू होते. काठावर निवडून आलेल्या माणसापुढे दोन वाटा असतात. एक, जिंकलो ना, मग कोण विचारतो, असं म्हणून विरोधात गेलेल्यांवर डूख धरायचा. अमक्या गल्लीतून मतं मिळाली नाहीत, मग त्या गल्लीत नळ नाही, असला हिशेब आपण काय पाहिला नाही? दुसरी वाट अवघड. आपल्याच माणसांनी आपल्याला का नाकारलं, हे समजून घ्यायचं. यशवंतरावांनी ही दुसरी वाट धरली.

विधानसभेत समोर एस. एम. जोशी, आचार्य अत्रे यांच्यासारखे दिग्गज विरोधक आले होते. अत्र्यांची जीभ तर तलवारीची. यशवंतरावांनी त्यांच्याशी वैर धरलं नाही, शब्दाला शब्द वाढवला नाही. मग ३० नोव्हेंबर १९५७ ला प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला पंडित नेहरू आले. समितीने काळ्या निशाणांची निदर्शनं ठरवली. हजारो माणसं घाटाच्या रस्त्याने जमली. एखाद्या मुख्यमंत्र्याने काठी उगारली असती. इथे दोन्ही बाजूंनी संयम ठेवला आणि निदर्शनं शांततेत पार पडली. दिल्लीच्या पाहुण्याने जाता-येता रस्त्याच्या कडेला महाराष्ट्राचं मन डोळ्यांनी पाहिलं.

त्यानंतर यशवंतरावांनी दिल्लीत नेटाने सांगायला सुरुवात केली की हे द्वैभाषिक राज्य लोकांच्या मनात उतरलेलं नाही. हे सांगायला त्यांच्याकडे पुरावा कोणता होता? निवडणुकीचे आकडे! त्यात त्यांच्या स्वतःच्या मतदारसंघाचा आकडाही आला. मुख्यमंत्र्यालाच घरी निभावून नेताना घाम फुटतो, याहून मोठा दाखला कोणता? समितीने बाहेरून रेटा लावला, यशवंतरावांनी आतून समजूत घातली आणि १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. बेळगाव, कारवार बाहेर राहिले ही सल आजही आहे. पण जे मिळालं त्यात हुतात्म्यांचं रक्त आहे आणि पडद्याआड दुसऱ्या पेटीत टाकलेल्या त्या चिठ्ठ्याही आहेत.

म्हणून म्हणते, पडलेली मतं वाया जात नाहीत. ती मोजली जातात, लिहिली जातात आणि जिंकणाऱ्याला झोपू देत नाहीत. तो झोपणारा नसेल तर!

नवं राज्य उभारताना यशवंतरावांनी केलेली कामं तुम्हाला ठाऊकच आहेत. कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना फी माफी त्यांच्याच काळात मिळाली. विठाबाईंनी फीच्या पैशांसाठी केलेली ओढाताण त्या मुलाच्या डोळ्यांपुढे असणारच. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांचा कायदा १९६१ चा, तोही त्यांच्याच कारकिर्दीतला. आज आपल्यापैकी कितीतरी जणी सदस्य, सभापती होऊन ज्या खुर्च्यांवर बसतात, त्या खुर्च्या तिथूनच आल्या. बायकांचं आरक्षण फार पुढे आलं, पण आधी खुर्ची तर हवी!

१९६२ मध्ये कराडने त्यांना पुन्हा निवडून दिलं. त्याच वर्षी चीनचं आक्रमण झालं आणि नेहरूंनी संरक्षणमंत्री म्हणून बोलावणं धाडलं. याचीही एक आठवण सांगितली जाते. ही गोष्ट कोणाजवळ बोलू नका, असं नेहरूंनी फोनवर बजावलं. तेव्हा यशवंतराव म्हणाले की एका व्यक्तीला तरी विचारावं लागेल, आणि ती व्यक्ती म्हणजे माझी पत्नी. संक्रांतीला तुरुंगात गेलेल्या बाईला विचारल्याशिवाय त्यांनी पाऊल टाकलं नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये दोघं दिल्लीला गेले. पुढच्या वर्षी नाशिकने त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठवलं आणि कराडची आमदारकी सुटली.

दिल्लीत संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र अशी मोठी खाती त्यांनी सांभाळली. १९७९ मध्ये थोडे दिवस उपपंतप्रधानही झाले. १९६७ पासून साताऱ्याने त्यांना लोकसभेवर निवडून देणं सोडलं नाही. १९८० मध्ये सगळीकडे इंदिराबाईंची लाट होती, तेव्हाही विरोधी काँग्रेसमधून उभे असलेल्या यशवंतरावांना साताऱ्याने तारलं. पुढे ते इंदिरा काँग्रेसमध्ये परतले, त्यावर टीका झाली. त्यांचे चाहतेही हळहळले. माणूस होते, चुकले असतील. पण ज्या मातीने एकदा कान धरला होता, तिनेच पडत्या काळात हात धरला, हे विसरता येत नाही.

१ जून १९८३ ला वेणूताई गेल्या. लग्नाचा एकेचाळिसावा वाढदिवस दुसऱ्या दिवशीच होता. त्यानंतर यशवंतराव खचले. कराडला निवांत राहावं म्हणून बांधलेलं विरंगुळा हे घर होतं, पण विरंगुळा कोणाबरोबर? २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं. कराडच्या प्रीतिसंगमावर, कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन भेटतात, तिथे त्यांची समाधी आहे. गावात वेणूताईंच्या नावाचं स्मारक आहे, यशवंतरावांची पुस्तकं तिथे ठेवली आहेत. कधी त्या बाजूला गेलात तर समाधीला नमस्कार करून परत फिरू नका, या स्मारकालाही जरूर जा.

आज कराडचे उत्तर आणि दक्षिण असे दोन मतदारसंघ आहेत. उमेदवार बदलले, पक्ष बदलले, पेट्या जाऊन यंत्रं आली. शाई मात्र तीच आहे.

पुढच्या बैठकीत मी मैत्रिणीला ही गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, की हल्लीच्या निवडून आलेल्यांपैकी कोण असं पडलेली मतं मोजत बसतं? प्रश्न खरा आहे, माझ्याकडे त्याचं गोड उत्तर नाही. पण त्यांनी मोजावीत असं वाटत असेल तर आधी ती पडायला हवीत ना? आमच्या वाडीच्या पाण्याचा अर्ज घेऊन आम्ही दहा जणी नव्या आमदारांकडे जाणार आहोत. त्यांना मत न दिलेली माझी मैत्रीण सगळ्यांत पुढे असणार आहे. तो तिचाही आमदार आहे, हे आता तिला पटलंय.